दोन टेकड्यांमधला उजेड

पातूरला लोक लेणी पाहायला जातात. मी भांडायला गेलो होतो. लेणी वाटेत लागली म्हणून पाहिली, आणि ज्यासाठी गेलो होतो ते भांडण अर्धंच झालं. उरलेल्या अर्ध्याचं काय झालं ते सांगायला हे लिहितो आहे. अमरावतीच्या बाजारात मला ओळखणारे म्हणतील, हा आता भुताखेताच्या गोष्टी सांगू लागला. म्हणोत बापडे. मी आजवर ताजव्याला बोट लावलेलं नाही, इथेही लावणार नाही.

आधी माझी तक्रार, कारण तिच्याशिवाय हा प्रवास झालाच नसता. माझ्या बापाच्या डोक्यावर भाजीची पाटी होती. मी आज संत्र्याच्या बागा फुलावर असतानाच घेतो आणि फळ उतरलं की पेट्या भरून मुंबईला पाठवतो. रुमालाखाली बोटं धरून सौदा करायला बसलो की समोरच्याचं मन मला त्याच्या तळहाताच्या घामावरून कळतं. असा मी एकाच सौद्यात फसलो, आणि तो सौदा मुलीच्या लग्नाचा होता.

यमुनेला आई नाही. ती लहान असतानाच गेली. म्हणून बोलणी झाली तेव्हा मी एकच अट घातली होती: जावयानं नोकरी अमरावतीतच धरावी, मुलगी डोळ्यांसमोर राहावी. मुलगा पातूरच्या फुलमाळ्याचा, शिकून विज्ञानाचा मास्तर झालेला. त्यानं हो म्हटलं आणि सुपारी फुटली. लग्नाला वर्ष व्हायच्या आत त्यानं अकोल्याची शाळा धरली. कारण काय, तर तिथे विज्ञानाच्या सामानाची खोली मोठी आहे. भिंगांसाठी आणि नळ्यांसाठी या माणसानं शब्द मोडला. तेव्हापासून मी त्याला जावईबापू म्हणणं सोडलं. मास्तर म्हणतो.

यंदा कार्तिकात, दोघं दिवाळीच्या सुट्टीला पातूरच्या घरी गेली असताना, तिकडचा एक ओळखीचा शेतकरी बाजारात आला आणि म्हणाला, "भाऊ, तुमची यमुना दिवेलागणीला कंदील घेऊन टेकडीवर बसून राहते. नवरा समोरच्या टेकडीवर. लोकं नाई नाई ते बोलून राहिले." मी हातातला सौदा टाकून दिला. मुलीला घेऊन यायचं, कायमचं, एवढंच ठरवून निघालो.

बडनेरा

अमरावतीची गाडी बडनेऱ्याला सोडते आणि तिथून पुढे मोठ्या गाडीची वाट पाहायची. मुलीकडे रिकाम्या हातानं जाऊ नये म्हणून संत्र्यांची करंडी घेतली होती. पुलाच्या पायऱ्यांवर हमालाशी हुज्जत घालत असतानाच करंडीचा तळ सुटला आणि संत्री टणाटणा खाली निघाली.

"शेटजी," हमाल म्हणाला, "तुमच्याहून तुमच्या संत्र्यांलेच गाडीची घाई दिसून राहिली."

लोकांनी वेचून दिली. दिली तितकी खाल्लीही. एक म्हातारी सोललेली फोड माझ्याच हातावर ठेवून म्हणाली, "खा बाप्पा, गोड आहे." स्वतःचं संत्रं दुसऱ्याच्या हातून खाण्याचा प्रसंग माझ्यावर पहिल्यांदाच आला.

अकोला

अकोल्यात उतरलं की मला पहिल्यांदा राग येतो तो मापांचा. आमची पायली यांच्या पायलीशी जुळत नाही. मी व्यापाऱ्यांना नेहमी सांगतो, माणूस खोटं बोलतो ते तोंडानं कमी आणि मापानं जास्त.

खानावळीत ज्वारीची भाकर आणि वांग्याचं भरीत मिळालं. आमच्याकडे भरतात कांद्याची पात सढळ असते. इथे तेल सढळ. तोंड भाजलं, पण रागावर उतारा पडला नाही. मग पातूरच्या मोटारीत जाऊन बसलो. मोटारवाला कादरभाई पूर्वी दमणी हाकत असे. बैल गेले आणि इंजिन आलं, पण त्याची जीभ तीच होती.

"पातूर किती कोस?" मी विचारलं.

"गाडीवानाचा कोस म्हणता का पाटलाचा? पाटलाचा लहान असते, त्याले चालाले लागत नाई."

"सरकारचे मैलाचे दगड आहेत की रस्त्यावर."

"दगडाले काय समजते? बैलं होते तवा आमी चिलमीवर मोजत होतो. दोन चिलमा ओढल्या का नदी, आणखी दोन ओढल्या का वडाचं झाड. आता ह्या मोटारीत चिलीमच पेटत नाई. अंतरच राह्यलं नाई पाहा."

मी त्याला हसलो. दुसऱ्याच संध्याकाळी हेच बोलणं मला पुन्हा आठवणार होतं.

पातूर

पातूरच्या मागे डोंगराची रांग सुरू होते. काळी जमीन तिथवर येते आणि एकदम थांबते. गावात शिरताच शेवंतीचा वास आला. जावयाच्या घरी व्याही-विहीण फुलांच्या वाफ्यात होती. यमुना अंगणात रोडगे भाजत होती. गोवऱ्यांच्या निखाऱ्यातून एकेक रोडगा काढून राख झटकत होती आणि तिच्या चेहऱ्यावर दुःखाची खूण नव्हती. ते पाहूनही मला रागच आला.

"सामान बांध," मी म्हटलं. "उद्या निघू."

"बाबा, आधी हात-पाय धुवा. कायले आले ते समजलं मले."

"समजलं तं बांध."

जावई आतून आला. बारीक अंगाचा, चष्मेवाला. "या मामाजी," म्हणून पाया पडला. मी पाय मागे घेतले.

"मास्तर, माझ्या पोरीला जंगलात कंदील देऊन बसवता? गावात पोरं नाहीत का?"

"पोरांचे आईबाप सांजच्याला टेकडीवर पाठवत नाहीत, मामाजी. बिबट्याची भीती आहे."

"आणि माझ्या पोरीला बिबट्या ओळखतो का?"

यमुनेनं मध्ये रोडग्याचं ताट ठेवलं. वर वरणाची धार, बाजूला वांग्याची भाजी. "बाबा, तुमच्याशी सौदा करते," ती म्हणाली. "उद्या एक सांज तुमी यांच्यासंगं टेकडीवर जाऊन पाहा, आमी काय करून राहिलो ते. मंग तुमी चाल म्हणाल तं मी येते. रडणार नाई, बोलणार नाई."

मुलगी माझीच होती. समोरच्याला नाही म्हणता येणार नाही असाच भाव तिनं लावला. मी कबूल झालो.

दुसऱ्या दिवशी दुपारी जावयानं मला ते समजावलं. उजेडाला चालायला वेळ लागतो, असं तो म्हणाला. सेकंदाला एक लाख शहाऐंशी हजार मैल.

"कोणी मोजलं?"

"आधी आकाशातल्या ग्रहांवरून. मग चाकं आणि आरसे लावून. आता मोजावंच लागत नाही इतकं पक्कं झालं आहे."

"यात घासाघीस?"

"नाही. पातूरला तेवढाच, विलायतेत तेवढाच. घोड्यावर बसून कंदील धरला तरी तेवढाच."

मी आयुष्यभर मापं पाहिली. न हलणारं माप पहिल्यांदाच ऐकलं, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडलं नाही. ज्याच्याशी घासाघीस करता येत नाही त्याच्यावर माझा विश्वास बसत नाही.

मग तुम्ही टेकड्यांवर काय मोजता, असं विचारलं. तो हसला. पत्र्याच्या पेटीत कंदील, पुढे झडप. यानं झडप उघडायची. समोरच्या टेकडीवर यमुनेला उजेड दिसताच तिनं आपली उघडायची. याच्या हातातलं घड्याळ मधला वेळ सांगतं. आधी ही दोघं अंगणातच समोरासमोर उभी राहून सराव करतात. तिथे जितका वेळ लागतो, तितकाच टेकड्यांवरही लागतो.

"म्हणजे उजेडाला वेळ लागलाच नाही?"

"लागला, पण हाती लागण्याजोगा नाही. घड्याळात येतो तो हाताचा वेळ. डोळ्याला दिसणं, मनाला कळणं, हातानं झडप ओढणं. मला शाळेतल्या पोरांना हेच दाखवायचं आहे, की काही गोष्टी माणसाच्या हातानं मोजता येत नाहीत."

"हरायचं ठाऊक असून पैज लावणारा मी आजच पाहिला," मी म्हटलं.

यमुना मारुतीच्या देवळातल्या गुरविणीला सोबत घेऊन आधी निघाली. समोरच्या उघड्या टेकडीला इथे बोडखी म्हणतात. तिच्या पायथ्याशी मारुतीचं देऊळ आहे आणि वर दगड आणि गवत सोडून काही नाही. आम्ही दोघं लेण्यांच्या बाजूनं चढलो. खडकात कोरलेल्या खोल्या, कोनाडे, दारातून दिसणारा थंड काळोख. आत बोललं की आवाज परत येतो, पण थोडा थांबून, जणू विचार करून. मला तिथे जास्त वेळ उभं राहवलं नाही.

वर पोचलो तेव्हा सूर्य टेकत होता.

"तो आठ मिनिटांपूर्वीचा सूर्य आहे," जावई म्हणाला. "तिथून निघालेला उजेड आत्ता पोचतो आहे."

"म्हणजे तो विझला तरी आपल्याला दिसत राहणार?"

"आठ मिनिटं."

मग पूर्वेला, बोडखीच्या डोक्यावर, कृत्तिकांचा झुबका दिसू लागला. तो म्हणाला, हा उजेड शेकडो वर्षांपूर्वी निघालेला. असलं अंतर मैलांत मांडायला आकडे पुरत नाहीत, म्हणून ते वर्षांनी मोजतात. उजेड वर्षभरात जितका चालेल तितकं एक प्रकाशवर्ष. वर्ष हे अंतर कसं, असं मी विचारणार होतो, पण कादरभाईच्या चिलमा आठवल्या आणि गप्प बसलो.

खालच्या दरीत आधी काळोख भरला. गुरांच्या घंटा थांबल्या. वारा पडला. समोरची टेकडी राखेच्या ढिगासारखी दिसत होती.

"पोचली असेल आता," जावई म्हणाला. त्यानं घड्याळ अंगठ्याखाली धरलं आणि झडप ओढायला मला सांगितलं. मी ओढली.

समोर उजेड होता.

झाला असं मी म्हणत नाही. होता म्हणतो. माझी झडप उघडली तेव्हा तो तिथे होताच. जावयाचा अंगठा तसाच राहिला.

"पुन्हा," तो म्हणाला. मी झडप टाकली. समोरचा उजेड गेला. थांबलो. उघडली. उजेड होता.

"ही अशी कशी..." तो पुटपुटला. "यमुनेचा हात एवढा चपळ नाही. कोणाचाच नाही. मामाजी, यात हाताचा वेळच नाही."

पुन्हा केलं. तेच. मग चौथ्यांदा मी झडप उघडी ठेवली आणि समोरचा उजेड दोनदा झाकला गेला. सावकाश. पेटीची झडप खटकन पडते, तसा नाही. कोणी कापड पुढे धरून बाजूला करावं, पुन्हा धरून बाजूला करावं, तसा.

"हे काय करून राहिली ही?" जावई शाळेची भाषा विसरला. "एकदाच उघडाचं ठरलं होतं."

मला उत्तर माहीत होतं.

आमचा मळा अमरावतीबाहेर आहे. तेव्हा मी बाजारातून सांजच्याला बंडी हाकत घरी यायचो. आमच्याकडे बायको नवऱ्याला नावानं हाक मारत नाही, आणि शेतातून ओरडणं तर तिला शोभलंच नसतं. म्हणून यमुनेची आई विहिरीच्या थारोळ्यावर, मोटेचं पाणी पडतं त्या दगडी कुंडाच्या कडेला, कंदील घेऊन उभी राहायची. पदर एकदा आडवा धरला तर लवकर या, काहीतरी झालं आहे. दोनदा धरला तर घरी सगळं ठीक, बैलांना पळवू नका. मी माझा कंदील वर उचलायचो. मग ती आपला हळूच खाली, दगडावर ठेवायची.

मी पेटीसकट कंदील वर उचलला. हात आपोआप गेला, मी नेला नाही.

समोरचा उजेड हळूहळू खाली उतरला आणि दगडामागे ठेवल्यासारखा अर्धा झाला. मग दिसेनासा झाला. वर कृत्तिका होत्या तशाच होत्या.

आम्ही उतरलो. दरी ओलांडून मारुतीच्या देवळाशी आलो तर यमुना ओट्यावर बसलेली, शेजारी गुरवीण. पायरीवर तिचा कंदील, काच फुटलेली.

"तुमी आता आले?" यमुना म्हणाली. "मले वाटलं तुमी आधीच परतले असान. मी उजेडच नाई दाखवला तं काय पाहून राहिले इतका वेळ?"

जावयानं विचारलं, "तू वर गेली नव्हती?"

"कशी जाऊ? गुराखी पळत खाली आले. वर बिबट गुरगुरून राहिला म्हणे. मी घाबरली, हातातून कंदील पडला."

"मीच जाऊ देली नाई," गुरवीण म्हणाली. "तवापासून इथंच बसून आहे पोर. वर तं मेलं कुत्रंसुदिक गेलं नाई आज."

जावयानं वाकून वातीला बोट लावलं. वात गार होती. त्यानं ते बोट बराच वेळ दुसऱ्या हातात धरून ठेवलं.

त्या संध्याकाळी घरात कोणी फार जेवलं नाही. यमुनेला आम्ही इतकंच सांगितलं, की वर कोणीतरी कंदील दाखवला. तिनं विचारलं नाही कोणी.

सकाळी उन्हं वर येताच मी आणि जावई बोडखी चढलो. कुसळीच्या गवतावर दव जसंच्या तसं होतं. कुठे गवत दबलेलं नाही, पाऊल नाही, तेलाचा थेंब नाही. माथ्यावर एक सपाट दगड आहे. त्याच्यावर एक कोळी आपलं जाळं विणून बसला होता आणि ते जाळं कुठे तुटलेलं नव्हतं. समोर आमची टेकडी लख्ख दिसत होती.

रात्रभर मी मनात एक हिशेब जुळवला होता. ताऱ्याचा उजेड शेकडो वर्षं चालत येतो, मागे तारा असो वा नसो. मग मळ्यातल्या त्या कंदिलाचा उजेडही कुठे कुठे फिरून काल इथे पोचला असेल. जुना उजेड, उशिरा आलेला. असं धरलं की मनाला बरं वाटत होतं. मी ते जावयाला सांगितलं. पदराचंही सांगितलं. आजवर ते मी कोणाला सांगितलं नव्हतं.

तो दगडावर बसायला गेला, कोळी पाहून उभाच राहिला.

"मामाजी, तुम्हाला बरं वाटेल म्हणून हो म्हणू का?"

"मापात खोटं नको."

"मग नाही. या टेकडीपासून त्या टेकडीपर्यंत दोनेक मैल. सेकंदाचे एक लाख भाग करा, त्यातला एक भाग उजेडाला पुरतो. इतक्या जवळचा उजेड जुना असूच शकत नाही." त्यानं चष्मा काढून पुसला. "जो दिसला तो तेव्हाच निघाला होता. इथूनच."

मी त्या दगडाकडे पाहिलं. पाठीवर ऊन होतं तरी अंगावर काटा आला. मी आयुष्यात हजार मापांशी भांडलो. यात कुठे बोट घालायला फट सापडते का पाहिलं. सापडली नाही.

"हे पोरांना शिकवाल?" मी विचारलं.

"काय शिकवू? हाताचा वेळ वजा करायचा असतो. काल वजा करायला हातच नव्हता." मग चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवत म्हणाला, "तुमचा शब्द मोडला म्या. थे मले ठाऊक आहे. पण तिले मी सुखात ठेवून राहिलो."

"पहिली गोष्ट मी विसरणार नाही," मी म्हटलं. "दुसरी मला काल कळली. चला जावईबापू, ऊन तापतं आहे."

परत

यमुनेनं सौद्याप्रमाणे सामान बांधून ठेवलं होतं. दारात छोटी पेटी, वर घडी घातलेलं लुगडं. रडणार नाही म्हणाली होती, रडली नाही. मी पेटी उचलली आणि आत नेऊन होती तिथे ठेवली.

मोटारीपर्यंत ती सोडायला आली. कादरभाई इंजिन फिरवत शिव्या देत होता. तिनं शेवंतीची पुडी माझ्या खिशात कोंबली आणि मग खाली पाहत म्हणाली, "बाबा, कालचा कंदील... हे सांगत होते, झाकला म्हणे. एकदा का दोनदा?"

मला वाटलं होतं तिला आठवत नसेल. आईच्या कडेवर असायची ती तेव्हा.

"दोनदा," मी म्हटलं.

ती रस्त्याच्या कडेला धुरळ्यात पाहत राहिली.

"मंग ठीक आहे," ती म्हणाली.

बडनेऱ्याला उतरलो तेव्हा दिवस मावळत होता. माझी बंडी स्टेशनाबाहेर उभी होती. मळ्याच्या वळणावर आलो तशी समोर विहीर दिसली. थारोळ्यावर उजेड नव्हता, असायचं कारणही नव्हतं. तिथे आता कोणी उभं राहत नाही. गाडीवानानं घराच्या ओढीनं बैलांच्या शेपट्या पिरगाळल्या.

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "बैलांना पळवू नको."